कडक इस्त्रीची पुस्तकं

दोन पानं एकमेकांना जोडलेली होती. वरच्या कडेने, छापखान्यात कापायची राहून गेलेली. मध्ये बोट घातलं तर पिशवीत घातल्यासारखं वाटावं. एवढंच झालं. कुठे आग लागली नाही, कुणी जिन्यावरून पडलं नाही, छताचा पंखासुद्धा नेहमीच्याच सुरात कुरकुरत राहिला. पण बालवाचनालयाच्या पुस्तकबाईंचं बोट त्या पिशवीत गेलं आणि तिथेच राहिलं. हे दीपगृहातल्या म्हातारीच्या आळशी बोकडाचं पुस्तक. वर्षभर सगळ्यात जास्त वेळा घरी गेलेलं, सगळ्यात जास्त हातांतून फिरलेलं, आणि परत येताना दर वेळी आदल्या दिवशी छापल्यासारखं कोरं करकरीत. येत्या रविवारी त्याला 'स्वच्छ पुस्तक' बक्षीस मिळायचं होतं, म्हणजे ते नेणाऱ्या मुलीला. पुस्तक नुसतं टेबलावर उभं राहणार होतं. ते नीट उभं राहावं म्हणून बाईंनी मधोमध उघडायला घेतलं, आणि ऐन मधोमध ते उघडेना. बोकड जिन्याने वर चढतो, इथपर्यंत एक पान. मग ही पिशवी. मग एकदम सकाळ. म्हणजे वर्षभर एवढ्या मुलांनी हे पुस्तक नेलं आणि एकालाही मधली रात्र लागली नाही. एकानेही येऊन विचारलं नाही, की बाई, यातली रात्र कुठे गेली? बाईंनी दुसरं पुस्तक उघडलं. त्याचा कणा कट्ट वाजला. नवं पुस्तक पहिल्यांदा उघडताना वाजतो तसा. तिसऱ्याचाही वाजला. बाई खुर्चीवर बसल्या, आणि हा आवाज आपण वर्षभर कौतुकाने ऐकत होतो हे त्यांच्या ध्यानात आलं.

बालवाचनालय म्हणजे कामगार वसाहतीतली जुनी पंपाची खोली. पंप गेला, ओल राहिली, आणि ओलीवर उपाय म्हणून संस्थेने तिथे पुस्तकं ठेवली. भिंतीवर नियमांचा फलक होता. तो सचिवांनी स्वतः रंगवून घेतला होता. सचिव आयुष्यभर फरशीच्या कारखान्यात तडे शोधायचं काम करत होते, आणि निवृत्त झाल्यावर तीच नजर त्यांनी मोठ्या मनाने समाजकार्याला दिली. पहिला नियम, थुंकी लावून पान उलटू नये. दुसरा, पुस्तक खराब करणाऱ्यास दंड होईल व कार्ड रद्द होईल. तिसरा, जागा अपुरी असल्याने वाचनालयात बसून वाचू नये. बाई रोज त्या तिसऱ्या नियमाखाली बसत आणि त्यांना त्यात कधी काही खटकलं नव्हतं. सवय झाली की माणसाला स्वतःच्या नाकावरचा चष्मासुद्धा दिसत नाही. आणि सगळं कसं छान चाललं होतं! वसाहतीतली मुलं रांगेने येत, पुस्तकं नेत, ठरल्या दिवशी परत आणत. सचिव एकेक पुस्तक उजेडात धरून तिरकं करून बघत, आणि म्हणत, "एक तडा नाही! याला म्हणतात संस्कार." गेल्या थंडीत कडकने हेच बोकडाचं पुस्तक आणून दिलं तेव्हा ते गरम होतं. कडक म्हणजे लाँड्रीवालीची मुलगी. तिचा गणवेश नेहमी पुठ्ठ्यासारखा ताठ असे म्हणून शाळेने तिला ते नाव ठेवलं होतं. तर पुस्तक गरम होतं, आणि बाईंच्या हाताला ती ऊब लागली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पोर एवढ्या थंडीत पुस्तक उराशी धरून आली! वार्षिक सभेत त्यांनी हे सांगितलं, तेव्हा सचिवांनी चष्मा काढून पुसला, आणि अहवालात 'पुस्तकाची ऊब' या मथळ्याखाली ते छापूनही आलं. आता बाईंनी पुस्तक नाकाशी नेलं. वाफेचा वास होता. गरम सुताचा, किंचित करपलेल्या पाण्याचा. हा वास पोरीच्या उराचा नव्हे. बाईंना आधी हसू आलं, मग लाज वाटली, आणि मग दोन्ही एकदम. तशाच अवस्थेत त्या कुलूप लावून लाँड्रीकडे निघाल्या.

लाँड्री दोन गल्ल्या सोडून. रस्ता काही लांब नाही, पण बाईंना तो त्या दिवशी भलताच लांब वाटला, कारण त्या चालता चालता उलट दिशेला चालल्या होत्या, चाळीस वर्षं मागे. आई डोळ्यांपुढे येत होती, आणि आईचा एकच शब्द. जपून. कप जपून, कंदील जपून, परकर जपून, शेजारणीची सुई आणलीय, जपून. गरिबाच्या घरात सगळं काही उसनं असतं आणि उसनं ते जपायचं असतं, वापरायचं नसतं. शाळेने एकदा एक चित्रांचं पुस्तक घरी दिलं होतं. आईने ते जुन्या साडीत गुंडाळून कपाटाच्या डोक्यावर ठेवलं, आणि मुदत संपल्यावर साडी सोडून परत पाठवलं. शाळेने शाबासकी दिली होती. त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बहुतेक हत्ती होता. बहुतेक, कारण साडीतून तेवढाच आकार कळायचा. मग आपण वाचायला लागलो कशावर? हा प्रश्न बाईंना आजवर पडला नव्हता, आणि पडला तो नेमका उघड्या गटाराच्या फळीवर पाय ठेवताना, त्यामुळे त्या क्षणभर तिथेच एका पायावर उभ्या राहिल्या. दुधाच्या पातेल्यावर! वडील रद्दीच्या गोदामावर पहारेकरी होते. एकदा ते एक जाडसर चोपडं घेऊन आले. पुढचा पुठ्ठा नाही, शेवटची पानं नाहीत, एक कोपरा उंदराने सावकाश, चवीने खाल्लेला. आईने ते बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं, दुधावर झाकायला हवंच होतं काहीतरी." दूध उतू जायचं, चोपडं भिजायचं, वाळायचं, फुगायचं. त्याला कुणी जपून म्हटलं नाही. म्हणून ते हाताला लागलं. त्या सायीच्या वासाच्या पानांवर, पातेल्याच्या गोल डागाभोवती बोट फिरवत आपण वाचायला शिकलो. त्या गोष्टीचं नाव बाईंना अजून माहीत नाही. ग्रंथपाल झाल्या त्यात निम्मा हेतू तोच होता, की कधीतरी कुठल्यातरी कपाटात तिचं नाव सापडेल. मागून सायकलवाला ओरडला, "मावशी, योगासनं घरी!" आणि बाईंनी दुसरा पाय खाली टेकला.

लाँड्रीवालीने त्यांना पाहून इस्त्री उभी केली. "अगंबाई, तुम्ही? या की. कपडे कुठायत?"

"कपडे नाहीत. पुस्तकं कुठायत?"

तिने जराही न ओशाळता हनुवटीने वर दाखवलं. छताला लागून फळी होती. फळीवर खाकी कागदाच्या पुड्या, एकीला एक टेकून, प्रत्येकीला टाचणी आणि कापडी चिठ्ठीवर खोलीचा नंबर. सबंध वसाहतीचं वाचन तिथे, कोटांच्या आणि चादरींच्या शेजारी, शिस्तीत निजलं होतं. "बघून घ्या," लाँड्रीवाली म्हणाली. "एकालाही धूळ नाही. द्यायच्या दिवशी वरून एक हलका हात फिरवते इस्त्रीचा. पानं उठून बसतात मेली."

"पण वाचत कुणीच नाही?"

"वाचतात की. शाळेचं वाचतात. हे कसं वाचणार? हे परकं. एक खोली, त्यात स्टोव्ह, त्यात रांगतं पोर, त्यात सासरे पायाला तेल चोळत बसलेले. पुस्तक ठेवायचं कुठे, माझ्या डोक्यावर? तुमच्या त्या फलकवाल्यांनी त्या रंगाऱ्याच्या पोराला दंड केला नव्हता का, धाकट्याने कोपरा चघळला म्हणून? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, बाई. तेव्हापासून सगळ्याजणी माझ्याकडेच आणून टाकतात."

"मग नेता कशाला मुळात?" बाईंचा आवाज चढला.

लाँड्रीवालीने पुढचा शर्ट ओढला. शर्टाच्या कॉलरवर उगाच पाणी शिंपडलं. "तुम्ही एवढ्या प्रेमाने देता," ती म्हणाली. "तुमचं मन मोडवत नाही ना कुणाला."

बाईंना वाटलं, आता आपण खाली बसावं. बसायला चादरींचं गाठोडं होतं, पण त्यावर कडक बसली होती. ती हिशेबाची गणितं सोडवत होती आणि अजिबात ऐकत नसल्याचं उत्तम नाटक करत होती. बाईंनी विचारलं, "तू तरी एकदा उघडलंस का गं ते बोकडाचं?" आणि उत्तर काय येणार हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी आधीच मान वळवली.

"वाचलं की," कडक म्हणाली. "वाटेत."

"कुठल्या वाटेत?"

"तुमच्याकडून इथे येईपर्यंत. हळू चालायचं. एका खेपेत सगळं होत नाही, म्हणून परत परत नेते. फक्त मधली दोन पानं उघडत नाहीत. आई म्हणाली, ओढायचं नाही." तिने पेन्सिल चावली. "बोकड वर चढतो. मग एकदम सकाळ होते, आणि म्हातारी त्याला मिठी मारते. का मारते तेच कळत नाही. रात्र त्या दोन पानांत आहे. मी झोपताना रोज वेगळी रात्र लावून बघते."

परत येताना बाई अशा चालल्या, की तो सायकलवाला दुसऱ्यांदा भेटला तर त्यानेच बाजूला व्हावं. वाटेत! पोरीने दोन गल्ल्यांच्या रस्त्यावर वाचनालय चालवलं होतं, आणि आपण टेबलाशी बसून उंटावरून शेळ्या हाकत होतो. दिवाबत्ती सगळी आपल्याकडे, पुस्तकं आपल्याकडे, अहवाल आपल्याकडे, आणि अंधार मात्र बरोबर दिव्याखाली. पण करायचं काय? नियम सचिवांचा. दंड सचिवांचा. सभेत सांगितलं तर ते म्हणतील, पुस्तकं न वाचता एवढी स्वच्छ राहतात, तर वाचूच नयेत, हे उत्तम. खोलीत शिरून त्यांनी दिवा लावला आणि टेबलाचा खण उघडला. खणात शिक्का होता: 'खराब'. रद्दीत काढायच्या पुस्तकांवर मारायचा. हाही सचिवांचाच, आणि त्याखालचा नियमही त्यांचाच: खराब शिक्का असलेल्या पुस्तकास दंड नाही. बाईंनी शिक्का हातात घेतला. मारायचा तर मारता येत होता. पण बाई प्रामाणिक होत्या. धड पुस्तकावर खराबचा शिक्का म्हणजे सरळसरळ खोटेपणा, आणि आयुष्यात त्यांनी खोटा शिक्का मारला नव्हता. शिक्का खरा ठरवायचा एकच मार्ग होता. बाईंनी चहा मागवला.

पहिला थेंब पडायला फार वेळ लागला. कप तिरका होता, चहा काठाशी येऊन थांबला होता, आणि हात पुढे जाईना. हाताला चाळीस वर्षांचं 'जपून' धरून बसलं होतं. कपाटातली सगळी पुस्तकं श्वास रोखून आपल्याकडे बघताहेत असं बाईंना वाटलं, आणि भिंतीवरचा फलक तर घसा खाकरतो आहे असंच. मग तो थेंब पडला. दीपगृहाच्या पायाशी, समुद्रावर. पसरला, तपकिरी झाला, कागद जरासा फुगला, आणि त्या फुगलेल्या कागदातून बाईंना सायीचा वास आला. नसेल आला. चहा बिनदुधाचा होता. पण आला. मग मात्र त्यांना कुणी थांबवू शकलं नसतं, आणि थांबवायला तिथे कुणी नव्हतंही. त्यांनी कोपरे दुमडले. एका पुस्तकावर त्या बसल्या, नीट, भार देऊन. एकाचा कणा गुडघ्यावर धरून असा मोडला की ते त्यानंतर कुत्र्याच्या कानांसारखं आपोआप उघडं पडू लागलं. केसांना लावायच्या तेलाची बाटली पिशवीत होती, त्यातलं तेल बोटांना लावून त्यांनी परीकथांवरून सढळ हात फिरवला. वाघाच्या पुस्तकाचा कोपरा त्यांनी इकडेतिकडे बघून दातांत धरला आणि चघळला. चव काही वाईट नव्हती. रंगाऱ्याच्या धाकट्याचं काही चुकलं नव्हतं. आणि प्रत्येकावर शेवटी शिक्का, ठाप, ठाप, ठाप, लग्नातल्या ताशासारखा. खराब. खराब. खराब. आपल्या घामाने कपाळाचे केस चिकटले आहेत, आपण मोठ्याने हसतो आहोत, आणि उद्या ही नोकरी राहील असं काही सांगता येत नाही, या तिन्ही गोष्टी त्यांना सारख्याच सुखाच्या वाटल्या. फक्त बोकडाची ती दोन पानं त्यांनी कापली नाहीत. ती रात्र त्यांची नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलं आली, पुस्तकं नेली, आणि मग काहीच झालं नाही. बाई वाट बघत बसल्या. पेपर टाकणाऱ्याने सांगितलं, लाँड्रीवाली काल दारात उभी राहून भांडत होती: "हे मी फळीवर ठेवू? तेलकट? माझ्या दुकानाची काही अब्रू आहे की नाही? न्या आपापल्या घरी!" म्हणजे पुड्या सुटल्या. पण घरी नेऊन त्यांचं काय झालं? स्टोव्ह पेटवला असेल. चाकाखाली घातली असतील. बाईंना आता स्वतःचीच शंका येऊ लागली, की आपण मुलांसाठी वाट मोकळी केली की नुसती चांगली पुस्तकं नासली? सबंध आयुष्यात एक वेडेपणा केला आणि तोही कदाचित पालथ्या घड्यावर चहा. मग रंगाऱ्याचा पोरगा आला. रद्द झालेलं कार्ड बाईंनीच त्याला परत दिलं होतं, एका पुस्तकासकट. पुस्तक टेबलावर आपटून म्हणाला, "झालं."

"काय झालं?"

"वाचून." आणि तो कपाटाकडे बघत उभा राहिला, भुकेलेला माणूस खानावळीच्या दाराकडे बघतो तसा. त्याच्या मागोमाग दोघी बहिणी आल्या, हमरीतुमरीवर. एकाच पुस्तकावर भांडण झालं म्हणून आजोबांनी ते मधोमध फाडून दोघींना अर्धं अर्धं दिलं होतं. आता थोरलीला शेवट माहीत होता, धाकटीला सुरुवात, आणि दोघी एकमेकींना सांगायला तयार नव्हत्या. बाईंनी त्यांना तिथेच तिसऱ्या नियमाखाली बसवलं आणि अर्धी बदलून दिली. चार दिवसांत पुस्तकं परत येऊ लागली ती ओळखू येईनात. कुणाला दाढीमिशा, कुणात भाकर नाही तर बिस्किटाचा चुरा, एकात चक्क हरवलेली मोज्याची जोडी खूण म्हणून. दारापाशी एक आई येऊन उभी राहिली आणि इकडे तिकडे बघत म्हणाली, "बाई, मोठ्यांसाठी पण असतात का हो खराब?" बाईंनी मान खाली घातली आणि खण उगाच उघडला, मिटला. काही क्षणी माणसाकडे करायला काम असावं लागतं.

रविवार उजाडला. बाहेर सतरंजी अंथरली, मुलं बसली, त्यांचा गलका खिडकीतून आत येत होता. आणि सचिव आले. उकाड्यात कोट घालून, लालबुंद. दार लावून घेतलं, कोट काढला, आणि पाठ केली. पांढऱ्याशुभ्र शर्टावर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, इस्त्रीचा तपकिरी ठसा होता. टोकदार, रेखीव, एखाद्या होडीसारखा.

"समारंभाचा शर्ट!" सचिव भिंतीकडे तोंड करूनच ओरडले. "मी विचारलं, बाई, लक्ष कुठे होतं तुमचं? तर म्हणते, साहेब, पोरगी वाचून दाखवत होती. बोकडाने दिव्याची वात खाल्ली हो, म्हणते, आणि जहाज सरळ खडकाकडे येत होतं, मी इस्त्री कशी उचलू? माझ्या पाठीवर जहाज बुडवलं त्या बाईने!"

"मग?" बाई म्हणाल्या.

"मग काय मग! मीही विचारलं, मग? तर पोरगी पुस्तक घेऊन तुमच्याकडे निघून गेलेली! आणि ती बाई म्हणते, पुढचं मी नाही सांगणार, त्यात मजा नाही." ते वळले, आणि तेव्हा त्यांना टेबल दिसलं. टेबलावर बोकडाचं पुस्तक उभं होतं, कडक सकाळीच देऊन गेली होती. समुद्रावर चहा. कडेला बोटांचे ठसे. मधल्या पानांची वरची कड धाग्याच्या कात्रीने कापलेली, पहिल्यांदा थरथरत आणि नंतर एकदम सरळ. सचिवांची नजर एका तड्यावरून दुसऱ्या तड्यावर, तिथून कपाटावर, कपाटातून खाली वाकलेल्या, सुटलेल्या, फुगलेल्या पुस्तकांवर गेली. "हे... हे कुणी केलं?"

"सुरुवात मी," पुस्तकबाई म्हणाल्या. "चहा माझा आहे. तेलही. वाघ मी चघळला. बाकीचं वाचकांनी."

"तुम्हाला काढून टाकावं लागेल, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," बाई म्हणाल्या, आणि त्यांना आश्चर्य वाटलं, कारण छातीत जिथे धडधड व्हायला हवी होती तिथे नुसती शांतता होती, उतू जाऊन निवलेल्या दुधासारखी. बाहेर कुणी मूल दुसऱ्याला सांगत होतं, अरे नाही, वात खाल्ली म्हणून तर. आणि तिसरं ओरडलं, सांगू नको, सांगू नको! सचिवांनी पुस्तक उचललं. पुरावा म्हणून. सवयीने उजेडात धरलं, तिरकं केलं, कणा तपासला, डागांवरून नखाची कड फिरवली. मग मधली पानं उघडली, कापणीचा दोष पाहण्यासाठी. त्यांचे ओठ किंचित हलले. खालचा ओठ दातांत गेला. मागे न बघता त्यांनी पायाने स्टूल जवळ ओढलं आणि ते बसले, फलकाच्या बरोबर खाली, पाठीवरची होडी बाईंकडे करून.

दारावर थाप पडली. "साहेब, सुरू करायचं का? मुलं थांबलीत."

"थांबा जरा," सचिव म्हणाले, आणि डोळे पुस्तकातून न काढता त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं.